ऑपरेशन नाकाचं होतं, कमरेचं नाही

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. मी हैदराबादहून घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं, आणि मग आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलं. ऐकणारा हसायचा. वाक्य होतंच तसं, पटकन पटणारं. दुसऱ्या एखाद्या बाईबद्दल ऐकलं असतं तर मीही हसले असते. पण ते माझ्याबद्दल होतं, आणि त्या वाक्यापायी मी मरता मरता वाचले, म्हणून मला त्यात अजून विनोद सापडलेला नाही.

मी उपकेंद्रावर नर्स आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. आसपासच्या चार गावांत लोक मला सिस्टर म्हणतात आणि मी सांगितलेलं माझ्या तोंडावर तरी ऐकतात. बाळाच्या नाळेला शेण लावू नका, भाजल्यावर टूथपेस्ट फासू नका, ताप आलेल्या लेकराला गोधडीत गुंडाळू नका, हे मी एवढ्या वेळा सांगितलं आहे की झोपेतसुद्धा सांगत असेन. कुरुंद्याच्या आमच्या घरात मात्र मला कुणी सिस्टर म्हणत नाही. घरात मी सून आहे, आणि सुनेनं सांगायचं नसतं.

माझं दुखणं पहिल्यांदा ओळखलं ते बांगड्या भरणाऱ्या खालानं. दरवर्षी ती दारात येऊन बसते आणि माझ्या मापाच्या बांगड्या न विचारता काढते. त्या वर्षी त्या अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडल्या. साबण लावला तरी जाईनात. तिनं माझा पंजा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाई, हात कायकू बढ रहा तुमारा? इस उमर में हाडां बढते क्या?" मी हसण्यावारी नेलं. चप्पल दोन नंबरांनी वाढली होती, अंगठी कापून काढावी लागली होती, नाक पसरट झालं होतं, आणि सासूबाई शेजारणींना सांगत होत्या की सरकारी पगार अंगाला लागून राहिला. मी स्वतः नर्स, आणि मला काही कळलं नाही. खालाला कळलं. या गोष्टीचा राग मला अजून स्वतःवर येतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. पुढं तपासण्यांत निघालं, तिच्यावर गाठ होती. कॅन्सरची नव्हे, पण वाढ करणारं रसायन नको इतकं तयार करणारी. हैदराबादच्या दवाखान्यात ती नाकातून काढली. डोकं फोडलं नाही, केस कापले नाहीत, चेहऱ्यावर एक टाका नाही. नाकाच्या मागचं हाड थोडं कोरलं, तिथून आत गेले, गाठ काढली आणि भोकाला माझ्याच मांडीतल्या चरबीचं ठिगळ लावलं. बाहेरून काही दिसत नाही, हाच या ऑपरेशनचा मोठा फायदा, असं तिथले लोक सांगत होते. माझ्या घरी तोच तोटा ठरला. डोक्याला पांढरी पट्टी असती तर मला कुणी बोट लावलं नसतं.

सुटी देताना डॉक्टरनं मला आणि नवऱ्याला समोर बसवलं. माणूस कोरडा होता, पण एकेक गोष्ट नीट सांगत होता. सहा आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "झुकना नहीं. बिलकुल नहीं." वाकलं की डोक्यात दाब वाढतो. ठिगळ सुटलं तर मेंदूचं पाणी नाकातून गळतं. आणि मागच्या बाजूला एक रक्तवाहिनी असते, दुसऱ्या आठवड्यात खपली सैल होते तेव्हा ती उघडली तर रक्त नळासारखं येतं आणि घरी थांबत नाही. नवरा मान डोलावत होता. डॉक्टरनं त्याच्याकडून वदवून घेतलं. त्यानंही म्हटलं, "जी, झुकनेका नहीं."

आता आमच्याकडची रीत सांगते. माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जायचं. न जाणं म्हणजे वैर. आणि भेटायला आलेला माणूस वयानं मोठा असेल तर घरच्या सुनेनं डोक्यावर पदर घेऊन त्याच्या पाया पडायचं, येताना एकदा, जाताना एकदा. मग ती सून हीच आजारी माणूस असली तरी. म्हणजे ज्या बाईला बघायला आलेत तिनंच उठून प्रत्येकापुढं वाकायचं. यात कुणालाही काही चमत्कारिक वाटत नाही. मलाही लग्नानंतर अठरा वर्षं वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी भावकीतले सहा जण आले. मी खुर्चीत ताठ बसले होते, उठले, हात जोडले, जयभीम म्हणाले आणि परत बसले. त्यांनी जयभीम घेतला. मग सगळे थोडे थांबले, माझ्या उरलेल्या नमस्काराची वाट बघत. मी सांगितलं, डॉक्टरनं वाकायला मनाई केली आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कमरंतबी काही केलं का?" दुसऱ्या दिवशी आणखी आले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना ते वाक्य सुचलं.

त्यानंतर घर माझ्याशी लढायला लागलं. मी काही कोपऱ्यात तोंड लपवून बसले नाही, मीही लढले. खाली पडलेला चमचा मी उचलत नव्हते, पायानं सरकवत होते. सासूबाई तो चमचा उचलताना 'आई गं' असा मोठा आवाज काढायच्या. आंघोळीला मी स्टुलावर बसायचे आणि तांब्या उंच ठेवायचे, तर "राणीसाहेबाला स्टूल लागतंय" असं मोरीच्या दाराशी ऐकू यायचं. शेतात हळद शिजवण्याचे दिवस होते. शेतोशेत हळदीचे मोठाले कुकर लागलेले, पॉलिशच्या यंत्रातून उडणारी पिवळी धूळ ओसरीपर्यंत यायची. मला शिंक यायची. तोंड आ करून शिंकावं लागायचं, आणि तो आवाज माणसाचा वाटत नसे. सासूबाई म्हणायच्या, "मुद्दामच करून राहिली." मी म्हणायचे, "व्हय, मुद्दामच. मरायचं न्हाई म्हणून मुद्दाम करून राहिले."

नवरा या सगळ्यात कुठं होता, तर शेतात. तो भांडखोर माणूस नाही. लोक त्याला गरीब म्हणतात, गाईला म्हणतात त्या अर्थानं. हैदराबादला त्यानं माझं सगळं केलं, हे मी नाकारत नाही. तिथं तो माझ्या पलंगाखाली चटईवर झोपला. पण कुरुंद्याच्या शिवेत पाय ठेवला की त्याच्या डोक्यातला डॉक्टर बंद होतो आणि आई चालू होते. आईनं ते वाक्य म्हटलं की तो माझ्याकडं बघायचा नाही, चहा फुंकत बसायचा.

ऑपरेशनला बारावा दिवस होता. दुपारी आत्या आल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, वसमतला असतात. सासरे गेल्यापासून घरातलं शेवटचं मत त्यांचं. त्या पंचायत समितीवर होत्या एकेकाळी, आता महिला मंडळ चालवतात. त्यांचं भाषण मी तीनदा ऐकलं आहे. बायांनो, आपल्या आज्या-पणज्या वाड्यावर वाकून वाकून मेल्या, तुमी ताठ मानेनं जगा, कुणापुढं वाकू नका, असं त्या माइक तोंडाला लावून सांगतात आणि बाया टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत. स्टेजवरून उतरल्या की त्या खुर्चीत बसतात, पाय जरा पुढं सोडतात, आणि कोणती सून आली नाही हे त्यांना पुढच्या वर्षीपर्यंत लक्षात राहतं. आमच्या समाजात जयभीम म्हणायला वाकावं लागत नाही, तो उभ्यानंच म्हणायचा असतो, आणि म्हणूनच तो मला आवडतो. हे मी एकदा त्यांच्यासमोर बोलले होते. तेही त्यांच्या लक्षात होतं.

त्या ओसरीवर खुर्चीत बसल्या. पिशवीतून मोसंबी काढून सासूबाईंच्या हातात दिली, माझ्या नाही. मी उठले, हात जोडले.

"राहू दे बाई," आत्या म्हणाल्या, "तुमी मोठी माणसं. आमी काय, आमी आडाणी."

सासूबाईंनी ठेवणीतलं वाक्य काढलं. "आता बघा तुमीच. ऑपरेशन नाकाचं व्हतं, कमरेचं न्हाई."

आत्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाय आखडून खुर्चीखाली घेतले, आणि भावाच्या घरात आपल्याला कुणी विचारत नाही, येऊन चूक केली, असं काहीबाही बोलायला लागल्या. डोळ्याला पदर लावला. सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. नवरा त्या दिवशी नेमका जेवायला घरी आलेला, खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. या घरात दोनच माणसांनी डॉक्टरला प्रत्यक्ष ऐकलं होतं, एक मी आणि एक तो. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की न्हाई आत्या, डॉक्टरनं सांगितलंय. मी वाट बघत होते.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "पड ना एकदा. एवढ्यानं काय व्हतंय? आत्या काय रोज येऊन राहिली का?"

यापुढचं मी कुणावर ढकलणार नाही. मला कुणी मानेला धरून वाकवलं नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. एवढं बघायचंय का तुम्हाला, बघा मग, असं वाटलं, आणि मी वाकले. नुसतं हात लावण्यापुरती नाही, तर डोकं पार त्यांच्या पायाला टेकेपर्यंत. मी रागानं वाकले. मानानं वाकले असते तर कदाचित हळू वाकले असते. नर्स असून मी हे केलं, आणि का, तर त्या तिघांना लाज वाटावी म्हणून.

वर येताना नाकाच्या मुळाशी आत काहीतरी कोमट सुटलं. पहिले थेंब आत्यांच्या पायावर पडले. त्यांनी पाय मागं ओढले. मग थेंब राहिले नाहीत, धार लागली, दोन्ही नाकपुड्यांतून, आणि तेवढीच मागून घशात. मी एकोणीस वर्षांत बाळंतिणीचं रक्त पाहिलं आहे, त्यामुळं किती रक्त म्हणजे किती वेळ, याचा अंदाज मला असतो. हे थांबलं नाही तर आपण नांदेडपर्यंत पोचत नाही, हे मला तिथंच कळलं. भीती वाटली. फार भीती वाटली. पण तिच्यासाठी वेळ नव्हता.

काय करायचं ते मला पाठ होतं. ताठ बसायचं, मान जरा पुढं, तोंड उघडं, घशात येईल ते गिळायचं नाही, थुंकायचं. नाकात हैदराबादहून दिलेले, रक्तवाहिन्या आकसणारे थेंब टाकायचे. कुणी मान मागं करायची नाही, आडवं करायचं नाही. आणि गाडी. मी खुर्चीत बसले आणि नवऱ्याला हातानं फोनची खूण केली. तोंडात रक्त होतं, बोलता येत नव्हतं. एवढ्यात तिघंही माझ्यावर धावून आली.

सासूबाईंनी मागून कपाळ धरून मान वर केली. सगळं रक्त घशात गेलं, मला ठसका लागला, आणि समोरच्या भिंतीवर लाल फवारा उडाला. नवऱ्यानं तांब्याभर गार पाणी डोक्यावर ओतलं. मग कुणीतरी कांदा फोडला. मी कोपरानं सासूबाईंना ढकललं तर त्या ओरडल्या, "झटके येऊन राहिले तिला, आडवी करा!" मला झटके येत नव्हते, मी त्यांना मारत होते. पण तोंडात रक्त असलेल्या बाईचं मारणंसुद्धा झटक्यात जमा होतं. त्यांनी मला ओसरीवर आडवी केली. मी मोठा घोट गिळला, आणि मग आणखी एक.

आणि मग आत्या आल्या, मुठीत हळद घेऊन.

आमच्या भागात हळदीवर सगळ्यांचा भारी भरवसा. बोट कापलं, हळद. फोड फुटला, हळद. बैलाचा खांदा घासला, हळद. माझ्या उपकेंद्रात आलेल्या निम्म्या जखमा आधी पिवळ्या असतात आणि मग जखमा असतात. आत्यांच्या हातातली हळद घरचीच, कालच दळून आणलेली. "आपली हळद हाय, भेसळ न्हाई," असं म्हणत त्यांनी अंगठ्यानं माझ्या उजव्या नाकपुडीत ती चिमूट चिमूट ठासली. जिथं मागं हाड नव्हतं, जिथून चार बोटांवर मेंदू होता, त्या वाटेत. मला वाचवायलाच त्या ते करत होत्या. त्यानं माझा राग कमी होत नाही.

मी चावले. त्यांच्या अंगठ्याला नीट, दातात धरून चावले. त्या किंचाळून मागं झाल्या, सासूबाईंचे हात सुटले, आणि मी उठून बसले. काळं रक्त ओकले. मग मान पुढं करून, घमेलं ओढून मांडीवर घेतलं आणि त्यात थुंकत राहिले. फोन काढला. अंगठा लावला तर उघडेना, रक्तानं माखलेला अंगठा त्याला ओळखू येईना. जवळ आत्यांचा पदर होता. मी अंगठा त्याला खसखसून पुसला. नवं लुगडं असावं. फोन उघडला आणि मी आमच्या आरोग्य केंद्राच्या गाडीच्या ड्रायव्हरला लावला. घशातून 'घरी' एवढाच शब्द निघाला. माझा नंबर आणि तो आवाज त्याला पुरला.

तो दहा मिनिटांत आला. आत येऊन त्यानं ओसरी पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, "सिस्टर, बसून येता का झोपून?" त्या दुपारी मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी बोटानं खुर्ची दाखवली. त्यानं मला खुर्चीसकट उचलायला नवऱ्याला लावलं.

गाडीत मी डाव्या नाकपुडीत थेंब टाकत होते. उजवी हळदीच्या चिखलानं बंद होती, आणि मागून धार चालूच. घमेलं नवऱ्याच्या हातात. प्रत्येक गतिरोधकावर त्याच्या पायजम्यावर थोडं सांडायचं. तो रडत होता. "मला काय माहीत असं व्हईल," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझ्या तोंडात रक्त होतं, हे त्याचं नशीब. वसमत मागं गेलं तेव्हा हातापायाला मुंग्या आल्या, समोरचा रस्ता पांढरा दिसायला लागला. मी नवऱ्याच्या दंडाला नखं रोवून बसले. प्रेमानं नाही. शुद्ध जाऊ नये म्हणून काहीतरी घट्ट धरायचं होतं, आणि दुसरं काही हाताशी नव्हतं.

नांदेडच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर लांब पट्टी घेऊन आला, नाकात भरायला. तसं बरोबरच होतं त्याचं, एरवी तेच करतात. मी त्याचा हात धरला आणि त्याच्याच पेनानं माझ्या तळहातावर लिहिलं: पिट्युटरी ऑपरेशन, बारावा दिवस, मागे हाड नाही, न बघता काही घालू नका. खाली लिहिलं: स्टेरॉइडची गोळी चालू, चुकवायची नाही. त्यानं वाचलं आणि थांबला. त्यानं मला बाई, काकू, मावशी काही म्हटलं नाही, विचारलं, "तुम्ही स्टाफ आहात का?" मी मान हलवली. त्यानंतर तिथं सगळं ठीक चाललं. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, रक्ताची बाटली लावली, कानानाकाचे मोठे डॉक्टर आले. त्यांनी नळीचा कॅमेरा घातला आणि चिमट्यानं पहिला गोळा बाहेर काढला. तो पिवळा निघाला. त्यांनी तो उजेडात धरला. "हे काय भरलंय?" नवरा भिंतीशी उभा होता, म्हणाला, "हळद, सर. घरची हाय."

मग भूल देऊन ती रक्तवाहिनी डागली. ठिगळ नशिबानं जागेवर होतं. मी पाच दिवस तिथं राहिले.

तिसऱ्या दिवशी नवरा घरी जाऊन आला. डबा ठेवला आणि बराच वेळ पिशवीचा बंद सोडत-बांधत बसला. मग म्हणाला की आत्यांना लई वाईट वाटलं. अंगठ्याला टाका पडता पडता राहिला. आणि पायावर रक्त सांडलं, हे काही चांगलं झालं नाही, असं त्या म्हणतात. तू बरी झाली की एकदा नीट पाया पडून घे, म्हणजे ते फिटंल. मी त्याला विचारलं, माइकवर बोलणाऱ्या आत्या अपशकुन कधीपासून मानायला लागल्या? तो म्हणाला, "जाऊ दे न. म्हातारं माणूस हाय."

घरी परतल्यावर ओसरीची भिंत सारवलेली होती. सासूबाईंनी आपलं वाक्य बदललं होतं. आता त्या म्हणत, "आमी कुठं जोरात वाक म्हणलं व्हतं? तीच झपकन वाकली." हे मात्र खरं होतं, आणि म्हणून मला जास्त झोंबलं. उरलेले दिवस मी खोलीचं दार लावून काढले. भेटायला येणाऱ्यांना मी झोपले आहे असं सांगितलं जायचं. माझ्या आजारपणापेक्षा मी आत्यांना चावले ही बातमी जास्त लांब गेली होती. उपकेंद्रावरची आशाताई म्हणाली, चार गावांत तेच बोलणं चालू आहे.

सहा आठवडे झाले, आम्ही हैदराबादला तपासणीला गेलो. त्याच डॉक्टरनं कॅमेऱ्यानं आत पाहिलं. सगळं भरून आलं होतं. तो पहिल्यांदा थोडा हसला. "अब सब कर सकते हो. झुको, उठाओ, दौडो. कोई मनाई नहीं." नवरा बाजूच्या खुर्चीत होता. त्यानं डॉक्टरला दोनदा नमस्कार केला.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. दुपारचं ऊन होतं. नवरा खुशीत होता, त्यानं शेंगा घेतल्या, सोलून माझ्या हातावर ठेवल्या. पूर्णेला गाडी बदलली. वसमत जवळ आलं तसा तो म्हणाला, "स्टेशनवरून आधी आत्याकडंच जाऊ. त्यांनी चहाला बोलावलंय. आता तर मनाई बी न्हाई राहिली. एकदा पाया पडून घे, विषय मिटला."

मी शेंगांची टरफलं खिडकीतून टाकली. "मला वाकायचं न्हाई. डॉक्टरनं जल्मभराचं सांगितलंय."

तो हसला. "काय बोलून राहिली? माझ्यासमोर सांगितलं त्यानं. मी तिथंच बसलो व्हतो की."

"मागल्या टायमालाबी तुमी तिथंच बसले व्हते."

त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. उरलेल्या शेंगा पिशवीत परत ठेवल्या. वसमत आलं तसा तो पिशवी घेऊन माझ्याआधी दाराशी जाऊन उभा राहिला.

आत्या दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगठ्यावरचा वण अजून जांभळा होता. शेजारच्या दोघी-तिघीही येऊन बसलेल्या. आम्ही उंबऱ्याशी आलो तसे त्यांनी पाय पुढं केले. मी काही बोलायच्या आत नवरा माझ्यापुढं झाला. त्याचा आवाज चढा होता, लेकरानं पाठ केलेली कविता म्हणावी तसा.

"आत्या, तिला वाकायचं न्हाई. डॉक्टरनं जल्मभराचं सांगितलंय. मी तिथंच व्हतो."

आत्यांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पाय मागं घेतले. मी उभ्यानं हात जोडले, जयभीम म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. चहा आला. नवरा बशीतून पिता पिता माझ्याकडं बघत होता, निदान एकदा मी हसेन म्हणून. मी हसले नाही.